रघुनाथराव कर्वे : पत्रांना उत्तर देणारे प्राध्यापक

मुंबईच्या गिरगाव चौपाटीसमोर विल्सन महाविद्यालयाची भव्य इमारत आहे. १९२५ साली या महाविद्यालयातून गणिताचे एक प्राध्यापक बाहेर पडले. त्यांच्या अध्यापनाविषयी कोणाची तक्रार नव्हती. गणितावर त्यांचे प्रभुत्व होते, पॅरिसला जाऊन त्यांनी त्या विषयाचे उच्च शिक्षण घेतले होते. त्यांचा अपराध इतकाच की, वर्गाबाहेर ते संततिनियमनाविषयी उघडपणे बोलत आणि लिहीत होते. मिशनरी चालकांना ते मानवेना. प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला तेव्हा या प्राध्यापकांनी नोकरी सोडली. वय त्रेचाळीस, पदरी पत्नी, आणि पुढे उत्पन्नाचे कोणतेही निश्चित साधन नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र, रघुनाथ धोंडो कर्वे.

आज विद्यापीठांच्या आवारात तृतीयपंथी, समलिंगी आणि लिंगभावाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हक्कांची चर्चा होते. कोठे स्वतंत्र वसतिगृहाचा प्रश्न असतो, कोठे समुपदेशनाचा, कोठे केवळ प्रवेश अर्जावरील एका रकान्याचा. ही चर्चा पाश्चात्त्य हवेबरोबर आली, असे मानणारा वर्ग आपल्याकडे मोठा आहे. त्या वर्गाला रघुनाथरावांचे चरित्र अडचणीचे वाटेल. या विषयावर मराठीतून, शास्त्राच्या आधाराने, तरुण वाचकांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे देण्याचे काम या गृहस्थाने नव्वद वर्षांपूर्वी केले आणि त्याबद्दल न्यायालयात दंडही भरला.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी दापोली तालुक्यातील मुरूडचा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये वडिलांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या ब्रह्मवृंदाने कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. सुधारणेची किंमत म्हणजे काय, हे या मुलाला अकराव्या वर्षीच घरात पाहायला मिळाले. पुढे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. वडीलही गणिताचेच प्राध्यापक. मुलाने वडिलांचा विषय घेतला, सुधारकी बाणाही घेतला; मात्र वडील ज्या उंबरठ्याशी थांबले तेथून मुलगा पुढे गेला. विधवेला पुन्हा संसार करण्याचा हक्क आहे, हे महर्षींनी आयुष्यभर सांगितले. संसारात आणि संसाराबाहेरही शरीराच्या सुखावर स्त्रीपुरुषांचा सारखाच हक्क आहे, हे रघुनाथरावांचे म्हणणे. पितापुत्रांत वितुष्ट नव्हते, परंतु या दुसऱ्या सुधारणेला पहिल्या सुधारणेची प्रतिष्ठा कधीच लाभली नाही.

१९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे पहिले केंद्र उघडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचा काळ ध्यानी येतो. पत्नी मालतीबाई या कामात बरोबरीच्या भागीदार होत्या. आपल्याला मूल नको, हा निर्णयही दोघांनी विचारपूर्वक घेतला आणि पाळला. १९२३ साली संततिनियमनावरचे त्यांचे पुस्तक निघाले. नोकरी गेल्यावर खरे तर शहाण्या माणसाने गप्प बसावयाचे. रघुनाथरावांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले.

या मासिकाविषयी आजवर बरेच लिहिले गेले आहे. मुखपृष्ठावरील विवस्त्र स्त्रीचित्रे, 'शारदेची पत्रे'मधील तिरकस टीका, ब्रह्मचर्याचे गोडवे गाणाऱ्यांवरील कोरडे, यांच्या कथा जुन्या पिढीत रंगवून सांगितल्या जात. गांधीजींच्या ब्रह्मचर्याच्या आग्रहालाही त्यांनी सोडले नाही, आणि तो काळ गांधीजींवर टीका सहज खपवून घेणारा नव्हता. परंतु या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते मासिकातील प्रश्नोत्तरांचे सदर.

वाचक पत्र लिहीत, रघुनाथराव उत्तर देत. इतकाच तो प्रकार. पण त्याचे मोल मोठे होते. लिहिणारे बहुतांशी शिकलेले, मध्यमवर्गीय तरुण पुरुष असत. हस्तमैथुनाने शक्ती जाते काय, स्वप्नावस्था हा रोग आहे काय, लग्नानंतर आपले कसे होणार, अशा भयांनी ग्रासलेली ही पत्रे असत. समलिंगी आकर्षणाविषयीचे प्रश्नही त्यांत येत. असे प्रश्न विचारण्यासाठी त्या मुलांना दुसरी जागा नव्हती. घरात हा विषय निघत नसे. शाळा-महाविद्यालयांत शरीराचा उल्लेख व्यायामापुरता. वैद्य-डॉक्टरांकडे गेले तर औषधाच्या बाटलीबरोबर उपदेशाचा डोस मिळायचा, आणि वर्तमानपत्रांतील जाहिराती तर गेलेली शक्ती परत आणण्याच्या गोळ्या विकून याच भयावर गब्बर होत होत्या.

रघुनाथरावांची उत्तरे मात्र थोडक्यात आणि रोखठोक. त्यांत पाप नाही, पुण्य नाही, कळवळ्याचे मोठे शब्दही नाहीत. गणिताच्या प्राध्यापकाने उदाहरण सोडवून दाखवावे तशी ती मांडणी. त्यांची कसोटीही सोपी होती : संबंधित व्यक्तींची संमती आहे काय आणि त्यातून कोणाला इजा होते काय? या दोन गोष्टी तपासल्यावर उरते ती रूढी, आणि रूढीला ते नीती मानत नव्हते. समलिंगी आकर्षणाकडेही त्यांनी याच कसोटीने पाहिले. हॅवलॉक एलिससारख्या इंग्रज अभ्यासकांचे लेखन त्यांच्या वाचनात होते आणि असे आकर्षण काही माणसांत जन्मजात असते, हा त्या संशोधनातील निष्कर्ष मराठी वाचकापर्यंत आणण्यात त्यांना संकोच वाटला नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रघुनाथराव आपल्या काळाचेच अपत्य होते. सुप्रजननशास्त्राच्या नावाखाली त्या काळी जे विचार प्रचलित होते, त्यांची छाया त्यांच्यावरही होती. कोणाविषयी आकर्षण वाटते आणि आपण स्वतःला स्त्री मानतो की पुरुष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा आज सर्वमान्य झालेला भेद त्या काळच्या शास्त्राच्या भाषेतही पुरता स्पष्ट झालेला नव्हता. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा आजचा जाहीरनामा त्यांच्या लेखनात शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. त्यांच्याकडून घेण्याजोगे आहे ते वेगळेच : विचारणाऱ्याला लाज न आणता उत्तर देण्याची रीत.

ही रीत सरकारी पक्षाला आणि सनातनी मंडळींना रुचली नाही, यात नवल नाही. पहिला खटला १९३१ मध्ये, व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल. त्यात शंभर रुपये दंड झाला आणि अपीलही फेटाळले गेले. दुसरा खटला १९३४ चा, आणि तो आपल्या विषयाशी थेट जोडलेला. 'समाजस्वास्थ्य'च्या गुजराती अंकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील असल्याचा आरोप त्यात होता. प्रश्न हस्तमैथुनाविषयी होते आणि समलिंगी संबंधांविषयी होते.

या खटल्यात रघुनाथरावांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३४ चा फेब्रुवारी-एप्रिल हा काळ. तिन्ही गोलमेज परिषदा गाजवून आलेले, पुणे कराराच्या वादळातून गेलेले आणि अस्पृश्यांच्या राजकारणाचा सारा भार वाहणारे बाबासाहेब एका छोट्या मासिकाच्या अश्लीलतेच्या खटल्यात वकिलपत्र घेतात, याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले असेल. यातून त्यांना ना मते मिळणार होती, ना प्रतिष्ठा. बाबासाहेबांच्या चरित्रात या प्रकरणाला सहसा दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही, ही आपल्या चरित्रकारांची उणीव म्हणावी लागेल.

बाबासाहेबांचा युक्तिवाद दोन अंगांनी चालला. लैंगिक विषयावर लिहिलेले सारेच अश्लील ठरवता येणार नाही, हे पहिले. त्यावर न्यायालयाची अडचण अशी की, विषय चालेल, पण वाचकांचे विकृत प्रश्न छापावेतच कशाला आणि त्यांना उत्तरे द्यावीतच कशाला? बाबासाहेबांनी याला दिलेले उत्तर शिक्षकाला शोभणारे होते. विकृती असेलच, तर ती ज्ञानानेच दूर होईल. आणि प्रश्न विचारणाऱ्याला ज्ञान देणे हे ज्याचे काम आहे, त्याने उत्तर दिलेच पाहिजे. समलिंगी आकर्षणाच्या बाबतीत त्यांनी हॅवलॉक एलिसचे संशोधन न्यायालयापुढे ठेवले आणि ही प्रवृत्ती जन्मतःच असेल तर त्यात गैर काही नाही, त्या माणसांना आपल्या रीतीने सुख मिळवण्याचा अधिकार आहे, अशी भूमिका घेतली. ज्या देशात १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम जिवंत होते, त्या देशाच्या न्यायालयात हे मांडले गेले, हे विसरता कामा नये.

त्या वेळचे जगही पाहण्यासारखे आहे. बर्लिनमध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली लैंगिक विज्ञानाची संस्था उभारली होती. समलिंगी आणि आपले लिंग बदलू इच्छिणाऱ्या माणसांना तेथे वैद्यकीय मदत मिळे. हिर्शफेल्ड १९३१ मध्ये भारतातही येऊन गेले होते. मे १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांच्या टोळ्यांनी ती संस्था लुटली आणि तिच्या ग्रंथालयातील पुस्तके भर चौकात जाळली. होय, विद्यार्थ्यांच्याच टोळ्यांनी. युरोपात हे घडून वर्षही उलटले नव्हते आणि मुंबईत एक वकील त्याच शास्त्राचे ग्रंथ पुरावा म्हणून न्यायालयात दाखवत होता.

निकाल विरुद्ध गेला. रघुनाथरावांना दोनशे रुपये दंड झाला. नियमित उत्पन्न नसलेल्या संपादकाला ही रक्कम लहान नव्हती. तरीही मासिक बंद पडले नाही. त्याच वर्षी 'आधुनिक कामशास्त्र' हा त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला.

बाबासाहेबांनीही हा विषय खटल्यापुरता ठेवला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तो मांडणारे स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार प्रभाकर जनार्दन रोहम हे नगर जिल्ह्याच्या दक्षिण मतदारसंघातून निवडून गेले होते. बाबासाहेबांना त्या दिवशी उपस्थित राहता आले नाही, म्हणून त्यांचे भाषण रोहम यांनीच सभागृहात केले. ठराव फेटाळला गेला. मुंबईच्या सुशिक्षितांनी ज्या विषयावर नाके मुरडली, तो सभागृहात बोलून दाखवण्याचे धैर्य दुष्काळी नगर दक्षिणेच्या प्रतिनिधीने दाखवावे, याची आठवण जिल्ह्यातही फारशी कोणी ठेवलेली दिसत नाही.

नगर जिल्ह्याच्याच जामखेड तालुक्यात १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. गावातल्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा दलित आणि परित्यक्ता स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, गर्भनिरोध, गुप्तरोग, पाळी हे सारे विषय या बायका गावात घरोघर बोलू लागल्या. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला आणि जामखेडचे नाव जगभरच्या वैद्यकीय विद्यापीठांत पोहोचले. रघुनाथरावांशी या प्रकल्पाचा काही थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण विल्सन महाविद्यालयाला १९२५ मध्ये जे शब्द आवारात नको होते, ते अर्ध्या शतकाच्या आतच जामखेडच्या खेड्यात, अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांच्या तोंडी सहज रुळले. बोलण्याने समाज बिघडतो, हे म्हणणाऱ्यांनी हा अनुभव जमेस धरावा.

याच तालुक्यातून बारावी होऊन मुले आता नगरला, पुण्याला जातात. त्यांच्यातील एखाद्याचे मन आणि शरीर यांचा मेळ नसतो, एखाद्याला आपल्या आकर्षणाचा अर्थ लागत नसतो. घरापासून दूर, वसतिगृहाच्या खोलीत तीन-चार अनोळखी मुलांबरोबर राहायचे, हजेरीपटावर नको असलेले नाव ऐकायचे, स्वच्छतागृहाच्या दोन दारांपुढे रोज थांबायचे. वरकरणी या गोष्टी लहान दिसतात. शिक्षण अर्धवट सोडून जाण्याला मात्र त्या पुरेशा ठरतात, कारण त्या दररोज घडतात आणि त्यांची तक्रार कोठे करायची हे ठाऊक नसते.

कायद्याने गेल्या दशकभरात बरीच वाट कापली आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली आणि लिंगभाव किंवा लैंगिक कल यांवरून एखाद्या विद्यार्थ्याला छळणे, वगळणे हेदेखील रॅगिंगच ठरवले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम निष्प्रभ झाले; बाबासाहेबांचा १९३४ मधील मुद्दा चौऱ्याऐंशी वर्षांनी न्यायालयाने मान्य केला, असे म्हणण्यास हरकत नसावी. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभाव न करण्याचे बंधन घातले आणि तक्रार ऐकण्यासाठी अधिकारी नेमणे आवश्यक केले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१८ मध्ये सर्व लिंगभावांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. पवईच्या आयआयटीत 'साथी' हा विद्यार्थ्यांचा गट २०११ पासूनचा.

हे झाले महानगरांतील नामांकित संस्थांचे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयांत चित्र कसे असेल, याची कल्पना कोणत्याही प्राध्यापकाला करता येईल. तेथे वेगळ्या वसतिगृहासाठी पैसा नसतो हे मान्य. पण विद्यार्थी सांगेल त्या नावाने हाक मारण्यास, रॅगिंगविरोधी फलकावर २०१६ ची दुरुस्ती मराठीत लिहिण्यास, एखाद्या शिक्षकाने या विषयाची जबाबदारी अंगावर घेऊन तसे नोटीस बोर्डावर लावण्यास पैसा लागत नाही. समुपदेशक नेमला तर त्याला हा विषय ठाऊक आहे की नाही, एवढे तरी पाहावे. उपदेश करणारा समुपदेशक हा नसल्यापेक्षा वाईट. आणि विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून पालकांना कळवणे हे तर अक्षम्यच मानले पाहिजे. अनेक प्राचार्य हे सद्भावनेने करतात, त्याचा परिणाम मात्र त्या मुलाचे शिक्षण थांबण्यात होतो.

रघुनाथरावांच्या सदरात पत्रलेखकाचे नाव महत्त्वाचे नसे, प्रश्न महत्त्वाचा असे. एका माणसाने, पदरमोड करून, महिन्यामागून महिने हे केले. अनेक विभाग, विद्यार्थी कल्याण मंडळे आणि सरकारी अनुदान पाठीशी असलेल्या विद्यापीठांना तेवढे जमू नये, हे पटण्यासारखे नाही.

रघुनाथरावांची उत्तरायुष्यातील वर्षे ओढाताणीची गेली. मासिकाचा खप मोठा कधीच नव्हता. मामा वरेरकर, शकुंतला परांजपे यांच्यासारखे थोडे समानधर्मी पाठीशी होते. शकुंतलाबाईंनी तर संततिनियमनाचे काम पुढे स्वतः हाती घेतले आणि नंतर विधान परिषदेत व राज्यसभेतही त्या गेल्या. बाकी समाजाने या माणसाला टिंगलीचा विषय करून ठेवले. तेही काही गोड बोलणारे नव्हते. विरोधकाचा मुद्दा खोडून काढताना त्याची किंमतही कमी करण्याची त्यांना सवय होती, आणि त्यामुळे जे जवळ येऊ शकले असते तेही दूर राहिले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ज्याने एकतीस वर्षांपूर्वी हे काम सुरू केले होते त्याची दखल कोणी घेतल्याचे दिसत नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. महर्षी कर्वे त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते. मुलाच्या पश्चात ते आणखी नऊ वर्षे जगले आणि १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. रघुनाथरावांच्या वाट्याला उशिरा का होईना चरित्र आले, २००१ मध्ये अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट आला, नंतर नाटक आले, समग्र लेखनाचे खंडही निघाले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतरच्या महिन्यात, नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला. मासिक सव्वीस वर्षे चालले.